मृद्दुर्ग, मध्ययुगीन
मृद्दुर्ग, मध्ययुगीन : माती व लाकूड यांच्या साहाय्याने वायव्य यूरोपात, मुख्यत्वे दहाव्या ते तेराव्या शतकांत, बांधलेली सरंजामदारांची तटबंदीयुक्त निवासस्थाने. त्यांचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात वर्तुळाकार खंदक खणून त्यातून निघालेल्या मातीचे सपाट माथ्याचे टेकाड रचीत. यास मॉट म्हणतात. माथ्यावर मेढेकोट व लाकडी मनोरा असे. टेकाडाच्या पायथ्याशी खंदक व मातीचा तट यांनी वेढलेले आवार असे. त्यास बेली ही संज्ञा आहे. सभागृह, स्वयंपाकघर, तबेले, कोठारे इ. वास्तू या आवारात असत. दुसऱ्या प्रकारात टेकाड नसून केवळ तट व खंदक यांनी वेढलेले, बहुधा वर्तुळाकार, आवार असे.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर जिंकलेल्या प्रदेशावर वचक बसविण्यासाठी त्यांनी तेथे असे शेकडो दुर्ग उभारले. दगडी बांधकामास कुशल पाथरवट व दीर्घ काळ लागे. मातीकाम मात्र सक्तीने राबविलेल्या स्थानिक मजुरांकडून थोड्या अवधीत होई. बाय्यू टॅपेस्ट्री या अकराव्या शतकातील भरतकामाच्या पटावर हेस्टिंग्ज येथे टेकाड रचणारे मजूर दाखविले आहेत.

लाकूड कुजून गेल्याने या दुर्गांचे आज केवळ मातीचे उंचवटे व बुजत चाललेले खंदक दिसतात. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. जी. टी. क्लार्क याने १८८४ मध्ये ही टेकाडे अँग्लो-सॅक्सन काळातील मानली. एला आर्मिटेज या विदुषीने १९१२ मध्ये कागदोपत्री पुरावे व स्थळांची पाहणी यांच्या आधारे ती नॉर्मनांची असल्याचे प्रतिपादन केले व ते सर्वसाधारणपणे मान्य झाले.

टेकाडावरील वास्तूंचे स्वरूप मात्र उत्खननानेच उलगडले. सरे परगण्यातील ॲबिंजर येथे ब्रायन होप-टेलर यांना १९४९ मध्ये माथ्यावर लाकडी मनोरा व मेढेकोट यांच्या खांबांचे खळगे आढळले. फार्नम येथे मनोऱ्याचा पाया टेकाडाच्या माथ्यावरून नव्हे, तर खालच्या मूळ जमिनीपासून उभारून त्याभोवती माती रचल्याचे दिसून आले. जर्मनीतील हुस्टरक्नूप येथे ओलसर जमिनीत लाकूड टिकून राहिले होते. तेथे सपाट वस्ती, तिच्या जागी ठेंगणे टेकाड व अखेरीस उंच टेकाड असा क्रम लागला.

या संशोधनात वेल्सच्या सीमेवरील हेन डोमेनचे उत्खनन विशेष महत्त्वाचे आहे. रॉजर ऑफ मंगमरी याने १०७० च्या सुमारास बांधलेल्या या दुर्गाचे उत्खनन फिलिप बार्कर व रॉबर्ट हायम यांनी १९६० ते १९९२ या काळात केले. अरुंद चर खणण्याऐवजी विस्तृत क्षेत्र उघडून मातीच्या रंगातील व घट्टपणातील सूक्ष्म फरक नोंदविण्यात आले. त्यामुळे केवळ डागांच्या रूपाने उरलेल्या लाकडी इमारती व त्यांची वारंवार झालेली पुनर्बांधणी ओळखता आली. तटाखाली त्याहून प्राचीन नांगरलेल्या शेताच्या खुणा मिळाल्या. आवारात इमारतींची दाटी होती; परंतु चैनीच्या वस्तू जवळजवळ सापडल्या नाहीत. तिसऱ्या हेन्रीने १२२३ मध्ये जवळच्या खडकावर दगडी किल्ला बांधण्यास प्रारंभ केला, तोपर्यंत हेच त्या प्रदेशातील मुख्य ठाणे होते. लाकडी दुर्ग म्हणजे दगडी किल्ल्यापूर्वीची घाईची तात्पुरती सोय, ही समजूत यामुळे टिकू शकली नाही.

बाह्य आकारावरून काळ ठरविणे किती धोक्याचे असते, हे अलीकडील संशोधनाने पुन्हा दाखविले. विल्टशरमधील मार्लबरो येथील सु. १९ मी. उंचीचे टेकाड नॉर्मन दुर्गाचा भाग म्हणून परिचित होते. त्यातून काढलेल्या मातीच्या नमुन्यांतील कोळशाचे कार्बन-१४ पद्धतीने कालमापन केले असता ते इ. स. पू. सु. २४०० मधील, म्हणजे नवाश्मयुगाच्या अखेरचे, ठरले. हा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. यॉर्कशरमधील स्किप्सी येथील टेकाडही लोहयुगीन असल्याचे त्यानंतर आढळून आले. आयते उंचवटे मिळाले तेथे नॉर्मनांनी ते वापरले, हे यावरून स्पष्ट होते. लेखी साधनांत बहुतेक मृद्दुर्गांचा उल्लेखही नाही. त्यांच्या पोटातील मातीचे थर हेच त्यांच्या इतिहासाचे प्रमुख साधन होय. म्हणूनच नांगरट, खाणकाम व नवी बांधकामे यांमुळे होणारा त्यांचा नाश भरून न येणारा ठरतो.