बॉक्सिंग (शब्दाचे विविध अर्थ)

बॉक्सिंग हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द असून तो अनेक क्षेत्रांत वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. मराठीत तो प्रामुख्याने मुष्टियुद्ध या खेळासाठी रूढ आहे. ‘बॉक्सिंग डे’ हा दिवस, संगणकीय आज्ञावली आणि लोहमार्गाची देखभाल या संदर्भांत येणाऱ्या ‘बॉक्सिंग’चा मात्र ठोशांशी संबंध नाही. त्यामुळे भाषांतर करताना सर्वत्र ‘मुष्टियुद्ध’ हा एकच प्रतिशब्द योजल्यास अर्थाचा अनर्थ होतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणे व झहीर खान या क्रिकेटपटूंच्या कारकिर्दीत ‘बॉक्सिंग डे कसोटी’चा उल्लेख वारंवार येतो, या शब्दप्रयोगाचा मुष्टियुद्धाशी संबंध नाही.

व्युत्पत्ती

इंग्रजीत ‘बॉक्स’ या एकाच रूपाचे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ पेटी किंवा डबी असा आहे. त्याचे मूळ लॅटिन व ग्रीक भाषांतील एका झुडपाच्या नावापर्यंत जाते. या झुडपाच्या कठीण, गुळगुळीत लाकडापासून लहान डब्या बनवीत. पुढे झाडाचे नाव डबीला व डबीचे नाव सर्व प्रकारच्या पेट्यांना मिळाले. दुसऱ्या ‘बॉक्स’चा अर्थ ठोसा किंवा चपराक असा असून तो मध्ययुगीन इंग्रजीत आढळतो. त्याचे मूळ निश्चित झालेले नाही. दोन्ही शब्दांना क्रियादर्शक प्रत्यय लागला की ‘बॉक्सिंग’ हेच रूप तयार होते. मराठीत ‘मूठ’ आणि ‘पेटी’ हे शब्द स्वतंत्र असल्याने हा घोळ मूळ मराठी शब्दांत होत नाही. तो उसन्या शब्दाबरोबर आला आहे.

मुष्टियुद्ध

दोन खेळाडू हातमोजे घालून, ठरावीक वजनगटात व दोरांनी वेढलेल्या चौकोनी रिंगणात केवळ मुठींनी लढतात, त्या खेळास मुष्टियुद्ध म्हणतात. प्राचीन ग्रीक ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश इ.स.पू. ६८८ मध्ये झाला. आधुनिक खेळाची चौकट १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी घालून दिली. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, दोन फेऱ्यांमध्ये एका मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्या खेळाडूस उठण्यासाठी दहा सेकंद ही त्यांतील मुख्य कलमे होत. आधुनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९०४ मध्ये आला, तर महिलांच्या लढती २०१२ पासून सुरू झाल्या. भारताला विजेंदर सिंग (२००८), मेरी कोम (२०१२) व लवलीना बोरगोहेन (टोकियो, २०२१) यांनी या खेळात कांस्यपदके मिळवून दिली.

महाराष्ट्रात या खेळाच्या संघटनेला जुनी परंपरा आहे. मुंबईत १९२५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशनची स्थापना झाली आणि १९५० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. क्रीडाक्षेत्रातील प्रदीर्घ योगदानासाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या ध्यानचंद पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत मुष्टियोद्धे शाहूराज बिराजदार यांचा समावेश होता.

‘किक बॉक्सिंग’ (लाथांचाही वापर असलेला खेळ) आणि ‘शॅडो बॉक्सिंग’ (प्रतिस्पर्ध्याविना केलेला सराव) ही संयुक्त रूपे याच अर्थावरून आली आहेत. चीनमधील १८९९–१९०१ च्या परकीयविरोधी उठावास ‘बॉक्सर बंड’ म्हणतात, तेही याच अर्थाने. बंडखोरांच्या संघटनेच्या चिनी नावात ‘मूठ’ हा शब्द होता व ते मुष्टियुद्धासारख्या कसरती करीत, म्हणून पाश्चात्त्यांनी त्यांना ‘बॉक्सर’ म्हटले.

बॉक्सिंग डे

नाताळच्या दुसऱ्या दिवसाला, म्हणजे २६ डिसेंबरला, ब्रिटन व राष्ट्रकुलातील अनेक देशांत ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात. येथे ‘बॉक्स’ म्हणजे पेटी. नोकरचाकर, टपालवाले व फेरीवाले यांना वर्षभराच्या सेवेबद्दल या सुमारास पैसे किंवा भेटवस्तू देण्याची प्रथा होती व त्या भेटीस ‘ख्रिसमस बॉक्स’ म्हणत. चर्चमधील दानपेटी या दिवशी उघडून गरिबांना दान वाटले जाई, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. महाराष्ट्रात दिवाळीला दिली जाणारी ‘पोस्त’ ही या प्रथेशी मिळतीजुळती आहे. इंग्लंडमध्ये १८७१ च्या कायद्याने या दिवसाला सार्वजनिक सुटीचा दर्जा मिळाला.

सुटीमुळे या दिवशी मैदाने प्रेक्षकांनी भरतात. २६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या कसोटी सामन्यास ‘बॉक्सिंग डे कसोटी’ म्हणतात. मेलबर्न येथील सामना त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेतही असे सामने होतात.

श्रीरामपूर येथे जन्मलेल्या झहीर खानने २०१० च्या डर्बन कसोटीत दोन्ही डावांत मिळून सहा बळी घेतले व भारताने तो सामना ८७ धावांनी जिंकला. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत दोन शतके झळकावली आहेत: २०१४ मध्ये १४७ आणि २०२० मध्ये ११२. दुसऱ्या शतकाची पार्श्वभूमी बिकट होती. अ‍ॅडलेडच्या आधीच्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता व नियमित कर्णधार विराट कोहली मायदेशी परतला होता. रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने मेलबर्नची कसोटी आठ गडी राखून जिंकली आणि सामनावीराला देण्यात येणारे जॉनी मुलाघ पदक प्रथमच रहाणेला मिळाले.

संगणकशास्त्र

आज्ञावलीच्या काही भाषांत संख्येसारखे साधे मूल्य थेट साठवले जाते, तर ‘ऑब्जेक्ट’ स्मृतीत वेगळ्या जागी असतो व चलात केवळ त्याचा संदर्भ राहतो. साधे मूल्य ऑब्जेक्टच्या वेष्टनात ठेवण्याच्या क्रियेस ‘बॉक्सिंग’ व ते पुन्हा बाहेर काढण्याच्या क्रियेस ‘अनबॉक्सिंग’ म्हणतात. येथेही पेटीचीच कल्पना आहे. सी शार्प भाषेत ही सोय आहे. जावा भाषेत २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ही क्रिया आपोआप होते.

विद्यार्थ्यांची येथे एक नेहमीची चूक होते. जावात आपोआप बॉक्सिंग झालेल्या दोन पूर्णांकांची तुलना ‘==’ या चिन्हाने केल्यास मूल्ये नव्हे, तर संदर्भ ताडले जातात. −१२८ ते १२७ या मर्यादेतील ऑब्जेक्ट पुन्हा वापरले जात असल्याने १२७ ची १२७ शी तुलना ‘खरे’ ठरते. परंतु १२८ ची १२८ शी तुलना सामान्यतः ‘खोटे’ असे उत्तर देते. म्हणून अशा वेळी ‘इक्वल्स’ ही पद्धत वापरावी लागते.

लोहमार्गाची देखभाल

रेल्वेच्या तांत्रिक परिभाषेत स्लीपरखालील खडी ठोकून घट्ट करण्यास ‘पॅकिंग’ म्हणतात. त्यानंतर स्लीपरांमधील जागा व बाजूच्या कडा खडीने भरून थराला ठरीव आकार देण्यास ‘बॉक्सिंग’ म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातून दौंड–मनमाड लोहमार्ग जातो. अशा उष्ण प्रदेशात या कामाला विशेष महत्त्व असते. उन्हाने रूळ प्रसरण पावू पाहतात. कडेची खडी अपुरी असल्यास मार्ग बाजूला सरकून वाकण्याचा व गाडी घसरण्याचा धोका वाढतो.

इतर अर्थ

वस्तू खोक्यात भरण्यासही इंग्रजीत ‘बॉक्सिंग’ म्हणतात. संगमनेर, राहाता परिसरातील डाळिंबे पेट्यांतून बाजारात जातात. मात्र त्या कामाला मराठीत ‘पेटी भरणे’ किंवा ‘पॅकिंग’ म्हणतात. नवी वस्तू वेष्टनातून काढून दाखवणाऱ्या चित्रफितींमुळे ‘अनबॉक्सिंग’ हा शब्द मराठीतही रुळला आहे. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात काँक्रीट ओतण्याच्या साच्यालाही ‘बॉक्सिंग’ म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी ‘सेंट्रिंग’ हा शब्द प्रचलित आहे. नौकानयनात होकायंत्रावरील बत्तीस दिशांची नावे क्रमाने म्हणून दाखवण्यास ‘कंपास बॉक्स करणे’ म्हणतात.

मराठीतील वापर

खेळाच्या संदर्भात ‘मुष्टियुद्ध’ आणि खेळाडूसाठी ‘मुष्टियोद्धा’ हे प्रतिशब्द योग्य ठरतात. ‘बॉक्सिंग डे’ हे विशेषनाम असल्याने ते तसेच ठेवले जाते. संगणकशास्त्र व रेल्वे यांत ‘बॉक्सिंग’ ही पारिभाषिक संज्ञा असून प्रथम उल्लेखाच्या वेळी तिचा अर्थ देणे सोयीचे ठरते. शंका आल्यास वाक्यातील ‘बॉक्स’ मुठीचा आहे की पेटीचा, हे आधी ठरवावे.

हेही पाहा

मुष्टियुद्ध
बॉक्सर बंड
अजिंक्य रहाणे
झहीर खान
मेलबर्न क्रिकेट मैदान