मीटर कामगाराचं, जबाबदारी कुणाची?

आपल्या लॅबमध्ये मल्टिमीटर कॉलेजचं असतं. बिघडलं की लॅब असिस्टंट दुसरं देतात. पण कारखान्यात काय होतं? सुटीत मी अकोल्याच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये ट्रेनिंगला होते. तिथल्या इलेक्ट्रिशियन काकांच्या मीटरच्या वायरला टेप गुंडाळलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, "मीटर माह्यंच हाय मॅडम. सेठ कायले घेऊन देईन?" सुपरवायझरचं उत्तर असं, "त्याचं मीटर, त्यानं पाहावं." ऐकायला बरोबर वाटतं, पण ते चूक आहे. का, ते सांगते. (मी कॉन्व्हेंटची, इंग्रजी शब्द जास्त येतील, सांभाळून घ्या!)

आधी इंजिनीअरिंग पाहू. व्होल्टेज मोजताना मीटरचा रेझिस्टन्स खूप मोठा असतो, करंट मोजताना जवळजवळ शून्य. समजा लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिली आणि तशीच टोकं ४१५ व्होल्टच्या दोन फेजना लावली. झालं, सरळ शॉर्टसर्किट! चांगल्या मीटरमध्ये अशा वेळी आतला एचआरसी फ्यूज उडतो. स्वस्त मीटरवर त्या सॉकेटजवळ बऱ्याचदा 'अनफ्यूज्ड' असं छापलेलंच असतं. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर फॉल्ट करंट हजारो अँपिअरचा असू शकतो, आणि मीटर फुटतं ते माणसाच्या हातात. म्हणूनच आयईसी ६१०१० या स्टँडर्डमध्ये मीटरचे वर्ग केलेले आहेत. घरच्या प्लगपॉइंटसाठी कॅट २ चालतं, कारखान्याच्या पॅनेलसाठी कॅट ३ लागतं.

खिशातल्या निऑन टेस्टरचंही तेच. त्यात साधारण १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून २३० व्होल्टला जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर करंट अंगातून जातो आणि आपल्याला कळतही नाही. टेस्टरमध्ये पाणी शिरलं की हे संरक्षण गेलं. शिवाय दिवा लागला नाही म्हणजे लाइन बंदच आहे असं नाही, टेस्टरही बंद पडलेला असू शकतो! म्हणून टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग कामाच्या लाइनवर लावायचा आणि नंतर पुन्हा चालू लाइनवर तपासायचा.

आता कायदा. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या ३६व्या नियमात होतं की विजेच्या लाइनवर किंवा उपकरणावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, लाइन टेस्टर वगैरे साधनं पुरवावीत आणि ती नेहमी चांगल्या स्थितीत ठेवावीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत हेच १९व्या क्रमांकावर आलं. २०२३ मध्ये नवे विनियम आले तरी ही जबाबदारी गेलेली नाही. म्हणजे साधन पुरवायचंही आणि नीट ठेवायचंही. ब्रिटनमध्ये १९९८ चे नियम तर कामगाराने स्वतःचं आणलेलं साधनही मालकाच्या जबाबदारीत धरतात. तिथल्या मार्गदर्शनानुसार प्रोबचं उघडं टोक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं.

कोणी म्हणेल, कंपनीचं मीटर दहा हातांतून जातं, त्यापेक्षा स्वतःचं बरं. मुद्दा खरा आहे. स्वतःचं मीटर जपून वापरलं जातं. पण जपणं वेगळं आणि तपासणं वेगळं. कॅट वर्ग, फ्यूज, वायरचं इन्सुलेशन हे कोणीतरी ठरावीक मुदतीने पाहून रजिस्टरमध्ये लिहिलं पाहिजे. मालकापुढे तीनच सरळ मार्ग आहेत: मीटर द्या, नाहीतर कामगाराचं तपासून मंजूर करा, नाहीतर ते वापरू देऊ नका. "त्याचं त्यानं पाहावं" हा चौथा मार्ग नाही. काम मालकाचं, फायदा मालकाचा, मग जोखीम तेवढी कामगाराची कशी?

दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी कित्येक जण अमरावती-अकोल्याच्या कारखान्यांत मेंटेनन्सला असतील. वर्क परमिटवर सही आपली असेल. सही करण्याआधी समोरच्या माणसाच्या हातातलं मीटर एकदा मागून घ्या आणि उलटसुलट करून बघा. एक मिनिट लागतं!