कुटुंबाचे डॉक्टर व स्थानिक आरोग्यसेवक : ब्रिटिश आरोग्यकेंद्रांतील सहकार्याचा प्रश्न

इंग्लंड व वेल्स यांना लागू असलेला १९४६ चा राष्ट्रीय आरोग्य सेवा कायदा ५ जुलै १९४८ रोजी अंमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाने स्थानिक आरोग्य संस्थांवर, म्हणजे काउंटी व काउंटी बरो कौन्सिलांवर, आरोग्यकेंद्रे उभारण्याचे कर्तव्य सोपविले होते. कुटुंबाचा डॉक्टर, दंतवैद्य, प्रसूतिसेविका, गृहपरिचारिका आणि हेल्थ व्हिजिटर ही सर्व मंडळी एकाच वास्तूत काम करतील, अशी त्यामागील कल्पना होती. कलमाचा हेतू स्पष्ट होता. परंतु त्याच कायद्याने या मंडळींचे धनी मात्र वेगवेगळे ठेविले होते. डॉक्टरचा करार एक्झिक्युटिव्ह कौन्सिलशी, रुग्णालये प्रादेशिक मंडळांच्या ताब्यात, आणि हेल्थ व्हिजिटर व प्रसूतिसेविका स्थानिक संस्थेच्या सेवेत, अशी ही त्रिविध रचना होती. ज्यांना एका छपराखाली आणावयाचे त्यांना कायद्यानेच तीन दिशांना बांधून ठेविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

कल्पना अर्थात नवी नव्हती. लॉर्ड डॉसन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १९२० च्या अहवालात प्राथमिक व दुय्यम आरोग्यकेंद्रांची योजना मांडली होती. तथापि त्यानंतर जी केंद्रे प्रत्यक्ष उभी राहिली त्यांत बहुधा एकच पक्ष नांदत असे. लंडनमधील फिन्सबरी येथे १९३८ साली स्थापन झालेले, ल्युबेटकिन यांच्या रचनेचे प्रसिद्ध केंद्र हे मूलतः नगरसंस्थेचे केंद्र होते; कुटुंबाच्या डॉक्टरांचा व्यवसाय बाहेरच राहिला.

१९४८ नंतरही चित्र पालटले नाही. युद्धोत्तर टंचाईत घरे व शाळा यांची निकड अधिक होती आणि केंद्रांचे बांधकाम लांबणीवर पडले. लंडन काउंटी कौन्सिलने वुडबरी डाउन येथील केंद्र १९५२ मध्ये उघडले. पण त्यातील कार्यापेक्षा त्यावरील खर्चाचीच चर्चा अधिक झाली. पुढील दशकभरात अशी केंद्रे मोजकीच निघाली. याचा दोष केवळ पैशाच्या अभावाकडे देणे मात्र युक्त नव्हे. डॉक्टरांची भीती अधिक खोल होती. कौन्सिलच्या इमारतीत भाड्याने बसणारा डॉक्टर उद्या कौन्सिलचा पगारी नोकर होईल, ही शंका त्यांच्या मनातून जात नव्हती. शिवाय नगरसंस्थेच्या बालकल्याण केंद्रांनी आपले रुग्ण पळविले, ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तक्रार अद्याप विसरली गेली नव्हती.

ही तक्रार कितपत खरी होती हा प्रश्न वेगळा. त्या काळच्या व्यवस्थेत आईची काय स्थिती होत असे, हे अधिक पाहण्यासारखे आहे. समजा, चार महिन्यांच्या मुलाला घेऊन एक स्त्री बालकल्याण केंद्रात आली. तेथे मुलाचे वजन झाले, आहाराचा सल्ला मिळाला. परंतु मूल खोकत आहे असे दिसताच तिला कुटुंबाच्या डॉक्टरकडे धाडण्यात येई, कारण औषधोपचार हे सामान्यतः केंद्राचे काम नव्हते. डॉक्टरने औषध दिले. घरातील भिंतींना ओल आहे आणि आईला कित्येक रात्री झोप नाही, हे हेल्थ व्हिजिटरने पाहिलेले होते. पण ते तिच्या कार्डावर लिहिलेले आणि ते कार्ड कौन्सिलच्या कचेरीत. डॉक्टरचे टिपण त्याच्या कपाटात, लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा लिफाफ्यात. दोघांच्या खोल्या शेजारी असल्या तरी ही दोन टिपणे आपोआप एकत्र येत नाहीत.

येथे एका मूलभूत भेदाकडे लक्ष दिले पाहिजे. डॉक्टरचे कार्यक्षेत्र म्हणजे त्याची यादी. जे लोक त्याच्याकडे नाव नोंदवितात त्यांच्यापुरता तो जबाबदार, आणि त्याचे उत्पन्नही मुख्यतः त्या संख्येवर दरडोई ठरे. हेल्थ व्हिजिटरचे कार्यक्षेत्र म्हणजे नकाशावरील एक विभाग. शहरातील एकाच गल्लीत अनेक डॉक्टरांकडे नोंदलेली कुटुंबे राहतात. परिणामी एका हेल्थ व्हिजिटरला कितीतरी डॉक्टरांशी, आणि एका डॉक्टरला कितीतरी हेल्थ व्हिजिटरांशी संबंध ठेवावा लागे; व्यवहारात तो कोणाशीच राहत नसे. समाईक जागेने हा पेच सुटत नाही. इमारत एक झाली तरी यादी व नकाशा एकमेकांवर बसत नाहीत.

म्हणूनच खरी प्रगती वास्तूच्या मार्गाने न होता संलग्नतेच्या मार्गाने झाली. ऑक्सफर्ड शहरात १९५० नंतरच्या दशकात हेल्थ व्हिजिटरांना विभाग न देता विशिष्ट डॉक्टरांच्या व्यवसायाशी जोडण्यास प्रारंभ झाला. वेतन कौन्सिलचे, परंतु कुटुंबे डॉक्टरच्या यादीतील. १९६३ च्या गिली अहवालाने या पद्धतीचा पुरस्कार केला. १९६६ च्या नव्या करारान्वये डॉक्टरांना जागेचे भाडे परत मिळू लागले, तसेच मदतनीसांच्या वेतनाचा ७० टक्के भाग मिळू लागला. भाड्याची जुनी भीती त्यामुळे बरीच ओसरली. १९६८ च्या कायद्याने गृहपरिचारिकेला रुग्णाच्या घराबाहेर, म्हणजे दवाखान्यात वा केंद्रातही, काम करण्याची मुभा दिली. यानंतर केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली. सहकार्य आधी आणि इमारत मागाहून, असाच हा क्रम दिसतो.

परंतु यादी स्वीकारताना नकाशा गमावला, हे विसरता येत नाही. प्रत्येक जन्माची सूचना ३६ तासांच्या आत आरोग्याधिकाऱ्याकडे पोचण्याची सक्ती १९१५ पासून होती. त्यामुळे ज्या मुलाचे नाव कोणत्याही डॉक्टरकडे नाही तेही हेल्थ व्हिजिटरला ठाऊक असे. ती डॉक्टरच्या यादीमागे जाऊ लागली तेव्हा वारंवार घर बदलणारी, नोंद न केलेली कुटुंबे नजरेआड होण्याचा धोका उत्पन्न झाला. ज्यांना भेटीची सर्वाधिक गरज तीच ही कुटुंबे. आपण डॉक्टरच्या हाताखालील परिचारिका झालो, ही हेल्थ व्हिजिटरांची कुरकुरही केवळ मानापमानाची नव्हती.

छपरे उभी राहू लागली आणि त्याच वेळी माणसे पांगली, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा. १९७१ मध्ये गृहसाहाय्यिका नव्या समाजसेवा विभागांकडे गेल्या. १९७४ च्या पुनर्रचनेत हेल्थ व्हिजिटर व परिचारिका स्थानिक संस्थांकडून आरोग्य प्राधिकरणांकडे वर्ग झाल्या आणि आरोग्याधिकाऱ्याचे पदच नाहीसे झाले. डॉक्टर तेवढा पूर्ववत स्वतंत्र करारावर राहिला. पुढे २०१३ मध्ये इंग्लंडात सार्वजनिक आरोग्याचे काम स्थानिक संस्थांकडे परत आले आणि २०१५ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी हेल्थ व्हिजिटरांची सेवा योजण्याची जबाबदारीही त्यांच्यावर पडली.

डॉसन अहवालातील प्राथमिक केंद्राची कल्पना भारतातही रुजली. मात्र तिचे रूप वेगळे. भोर समितीने १९४६ मध्ये ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र सुचविले आणि १९५२ पासून समूहविकास योजनेबरोबर अशी केंद्रे निघू लागली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण केंद्रे त्यांच्याकडे आली. येथे डॉक्टर व परिचारिका दोघेही सरकारी व्यवस्थेतील पगारी, आणि दोघांचेही क्षेत्र ठराविक गावांचे. यादी व नकाशा यांचा तंटा केंद्राच्या आत उद्भवत नाही. तो केंद्राच्या दाराबाहेर उभा आहे. बाजारपेठेतील खाजगी डॉक्टरकडे गावातील कितीतरी रुग्ण प्रथम जातात आणि तो या व्यवस्थेत कोठेच बसत नाही. त्याच्याकडील क्षयरुग्णाची माहिती आरोग्य खात्याला कळविणे केंद्र शासनाने २०१२ मध्ये बंधनकारक केले.