काचपात्रातील पेशी आणि एक पुसलेले नाव

आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु वसतिगृहात खर्ऱ्याचे दुष्परिणाम सांगत असता एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने आम्हांस विज्ञानाची पुस्तके उघडावयास लावली. त्याने विचारले, "सर, तंबाखूला कधी न शिवलेल्या माणसालाही घशाचा कर्करोग कसा होतो?"

आपल्याकडे खामगावातच काय, देशभर तोंडाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण तंबाखू व सुपारी हेच आहे. तथापि टॉन्सिल व जिभेचा मागील भाग येथील काही कर्करोगांमागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार असतो. पेशींच्या बेसुमार वाढीवर पी-५३ नावाचे प्रथिन पहारा देते. तंबाखूजन्य कर्करोगात बहुधा या पहारेकऱ्याचे जनुकच बिघडते. विषाणू मात्र जनुक सहसा शाबूत ठेवतो आणि आपल्या ई-६ या प्रथिनाकरवी पहारेकऱ्याचा नाश घडवितो. त्याचे ई-७ हे प्रथिन आरबी नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्यास निकामी करते.

रोगाची वाट निराळी, म्हणून अभ्यासाच्या पेशीही निराळ्या लागतात. रुग्णाच्या गाठीतील पेशी पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस तापमानात वाढवितात. अखंड विभागत राहणाऱ्या अशा पेशींच्या कुळास सेल लाइन म्हणतात. ई-६ व ई-७ बंद पाडले, की पी-५३ पुन्हा उभे राहते व पेशींची वाढ थांबते, हे अशाच पेशींत दिसून आले. मात्र घशाच्या विषाणूजन्य कर्करोगाच्या सेल लाइन जगात मोजक्याच आहेत. शिवाय काचपात्रात रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारशक्ती नसते. तेथील निष्कर्ष थेट रुग्णास लागू करता येत नाहीत.

या विद्येचा इतिहास मात्र आमच्या विषयात येतो. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय मातेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढतच राहिल्या. मानवी पेशींची ती पहिली अमर सेल लाइन, 'हीला'. पुढे तिच्यात याच विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार आढळला. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी गाय यांच्याच प्रयोगशाळेत काम केले, आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

हेन्रिएटा त्याच वर्षी वारली. पेशी जगभर गेल्या, विकल्याही गेल्या. कुटुंबास सुमारे दोन दशके पत्ता नव्हता. कित्येक वर्षे तिचे नावही 'हेलन लेन' असे चुकीचे छापले जात होते.

आमच्या शाळेतून उद्या कोणी प्रयोगशाळेत जाईल. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जरूर पाहाव्यात. पण त्या कोणाच्या, आणि त्या माणसाला विचारले होते काय, हा प्रश्न आधी करावा.