शिक्षकाची अर्हता आणि शाळेची गुणवत्ता : मोजमापाचा प्रश्न
(महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात दिलेल्या निकालाने शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजेच 'टीईटी'चा, प्रश्न नव्याने ऐरणीवर आणला. शिक्षणहक्क कायदा लागू होण्यापूर्वी नेमणूक झालेल्या आणि सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी, असे या निकालाने ठरविले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहण्याची मुभा मिळाली. मात्र पदोन्नतीसाठी त्यांनाही परीक्षा आवश्यक ठरली. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला आहे आणि तो कायद्याच्या शब्दांना धरून आहे. तथापि शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने एक वेगळा प्रश्न उरतो. वीस वर्षे वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाविषयी प्रवेशपरीक्षेने नेमके काय समजते? आणि त्याची शाळा चांगली की वाईट हे ज्या साधनांनी ठरविले जाते, ती साधने तरी कितपत विश्वसनीय आहेत? या दोन मोजमापांचा परस्परांशी संबंध आहे, असे धोरणात गृहीत धरले जाते. तो संबंध तपासून पाहण्याचे काम मात्र फारसे झालेले नाही.

अर्हतेची मोजपट्टी

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २३ अन्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार मिळाला. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेद्वारे पदविका वा पदवीबरोबर पात्रता परीक्षाही बंधनकारक केली. पूर्वीच्या नियमांनुसार रीतसर नेमणूक झालेल्या शिक्षकांना त्याच अधिसूचनेत सवलत होती. हीच सवलत पुढे वादाचा विषय झाली.

महाराष्ट्रात पहिली पात्रता परीक्षा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असलेल्या पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच घटकांवर प्रत्येकी ३० असे एकूण १५० बहुपर्यायी प्रश्न असतात. उत्तीर्णतेसाठी खुल्या प्रवर्गास ६० टक्के गुण आवश्यक असतात. अनेक वर्षांत उत्तीर्णांचे प्रमाण शंभरात दहाहूनही कमी राहिले. या आकड्यावरून शिक्षकांच्या दर्जाविषयी सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह वर्तमानपत्रांना वारंवार झाला आहे. परंतु डी.एड. महाविद्यालयांच्या बेसुमार वाढीनंतर नोकरीच्या शोधात असलेला लक्षावधींचा समूह एक समुदाय होय. सेवेत असलेले शिक्षक हा दुसरा. एकाचा निकाल दुसऱ्यावर लादता येत नाही.

या मोजपट्टीच्या विश्वसनीयतेला मोठा धक्का बसला तो २०१९-२० च्या परीक्षेतील गैरप्रकारांमुळे. चौकशीनंतर २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्या प्रमाणपत्रावर नोकरी अवलंबून असते, त्या प्रमाणपत्राला बाजारभाव येतो.

अर्हता आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांच्या संबंधाविषयी संशोधन काय सांगते? रिव्हकिन, हानुशेक आणि केन यांनी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या आकडेवारीवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकाशिक्षकांत मोठा फरक असतो, हे त्यातून दिसले. मात्र हा फरक पदव्युत्तर पदवीसारख्या कागदावरील अर्हतांनी फारसा स्पष्ट होत नाही. अनुभवाचा प्रभावही मुख्यतः पहिल्या काही वर्षांपुरताच आढळला. आपल्याकडे कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशात केलेला प्रयोग याहून बोलका आहे. ग्रामीण शाळांना जादा कंत्राटी शिक्षक देण्यात आले. त्यांची अर्हता व प्रशिक्षण नियमित शिक्षकांपेक्षा कमी होते आणि वेतन सुमारे एक-पंचमांश होते. तरीही ज्या शाळांना असा शिक्षक मिळाला तेथील मुलांची भाषा व गणितातील प्रगती इतर शाळांपेक्षा अधिक झाली. कंत्राटी नेमणुकांचे समर्थन म्हणून हा अभ्यास वापरला जातो, ते योग्य नव्हे; वर्गात एक माणूस वाढला, हाही त्या यशाचा भाग आहे. परंतु प्रमाणपत्र म्हणजेच अध्यापनकौशल्य, हे समीकरण त्यातून नक्कीच ढासळते.

शाळेची मोजपट्टी : कोण मोजतो, कसे मोजतो

शाळेच्या गुणवत्तेकडे वळल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेली 'असर' पाहणी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केली जाते. निवडलेल्या गावातील वीस घरांतील मुलांना एकेकट्याने बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचावयास दिला जातो. दुसरीकडे केंद्र शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळेतच, वर्गात, बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेद्वारे होते. १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते मोठ्या प्रमाणावर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती 'परख' या नावाने झाली.

दोन्हींचे निष्कर्ष जुळत नाहीत, याचे एक कारण अगदी साधे आहे. चाळीस मुलांच्या वर्गात वीस मुलांना उत्तर येते आणि वीस मुलांना येत नाही, असे समजू. चार पर्यायांपैकी एक निवडावयाचा असल्यामुळे न येणाऱ्या वीसपैकी सरासरी पाच मुलांचे उत्तर अंदाजाने बरोबर येते. नोंद होते पंचवीस मुलांची, म्हणजे साडेबासष्ट टक्क्यांची. ज्या मुलाला वाचताच येत नाही, त्याच्याही नावावर काही गुण जमा होतात. मूल समोर बसून मोठ्याने वाचत असेल तर ही शक्यता जवळजवळ नाहीशी होते. अर्थात गृहभेटीच्या पाहणीत केवळ वाचन व अंकगणिताची प्राथमिक कौशल्ये तपासली जातात. इयत्तेनुरूप आकलनाविषयी ती फारसे सांगू शकत नाही. पहिली सप्रमाणता गमावते, तर दुसरी व्याप्ती.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. डग्लस जॉन्सन आणि आंद्रेस पाराडो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात २०१७ च्या शासकीय सर्वेक्षणातील राज्यनिहाय सरासऱ्या वास्तवापेक्षा फुगलेल्या असण्याची शक्यता दाखवून दिली. अभिजीत सिंह यांनी मध्य प्रदेशातील शासकीय चाचण्यांची पडताळणी केली असता, तेच प्रश्न पुन्हा विचारल्यावर मुलांची प्रत्यक्ष संपादणूक अधिकृत नोंदीपेक्षा बरीच खाली आढळली. विशेष म्हणजे त्या गुणांवर कोणाची बढती किंवा शाळेचा निधी अवलंबून नव्हता. शिक्षकांच्या अप्रामाणिकपणाला दोष देऊन हा विषय संपत नाही. ज्याचे काम तपासावयाचे त्याच्याच हाती तपासणी दिली आणि वरून 'शंभर टक्के प्रगत' असा आग्रह आला की नोंदवही आपोआप भरते. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात अनेक शाळांनी खरोखर उत्तम काम केले. पण स्वतःच स्वतःला प्रगत घोषित करण्याच्या पद्धतीमुळे उत्तम काम करणारी शाळा आणि उत्तम अहवाल लिहिणारी शाळा एकाच रांगेत आल्या.

निर्देशांकांची तऱ्हा याहून वेगळी नाही. केंद्राच्या 'परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स'मध्ये आरंभी एकूण १००० गुणांपैकी अध्ययन निष्पत्तीला १८० आणि प्रशासकीय प्रक्रियेला ३६० गुण होते. या पट्टीवर २०२०-२१ साठी महाराष्ट्राला ९२८ गुण मिळाले आणि केरळ व पंजाबच्या बरोबरीने राज्य अग्रस्थानी आले. पुढच्याच वर्षासाठी निर्देशांकाची रचना बदलली. अध्ययन निष्पत्तीला २४०, शिक्षक शिक्षण व प्रशिक्षणाला स्वतंत्र १०० आणि प्रशासकीय प्रक्रियेला केवळ १३० गुण ठेवण्यात आले. नव्या पट्टीवर महाराष्ट्राचे गुण ५८३ च्या आसपास आले. एका वर्षात राज्यातील शाळा इतक्या घसरल्या नाहीत; आधीच्या वर्षी त्या तितक्या उंचावलेल्याही नव्हत्या. शिवाय २०२०-२१ च्या गुणांतील अध्ययनाचा भाग २०१७ च्या सर्वेक्षणावरच आधारलेला होता. तेव्हा तिसरीत असलेली मुले तोवर सहावीत पोहोचली होती.

लहान शाळांचा प्रश्न

राज्यस्तरीय सरासरी फसवी असली तरी तिच्यामागे लक्षावधी मुले असतात. एका शाळेच्या पातळीवर उतरल्यावर संख्याशास्त्राचा आधारच निसटतो. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या सुमारे पंधरा हजार आहे. अठरा मुलांच्या वस्तीशाळेत तिसरीच्या वर्गात चार मुले असतात. यंदा चारपैकी तिघांना वाचता आले तर निकाल ७५ टक्के; पुढील वर्षी चारपैकी दोघांनाच आले तर ५० टक्के. कागदावर शाळा एकदम पंचवीस टक्क्यांनी घसरते. प्रत्यक्षात फरक एका मुलाचा असतो. बीडसारख्या जिल्ह्यात ते मूल ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर दिवाळीनंतर कारखान्याच्या परिसरात राहिलेले असू शकते. पायाभूत चाचणीला ते हजर असते, हंगामात शाळेबाहेर असते आणि वार्षिक मूल्यमापनाच्या सुमारास परतते. त्याच्या गुणांत कोणत्या शिक्षकाचे अध्यापन मोजले जाते, हे सांगणे कठीण आहे.

थॉमस केन आणि डग्लस स्टेगर यांनी २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या आकडेवारीवरून हीच गोष्ट दाखवून दिली. उत्कृष्ट शाळांच्या यादीत लहान शाळांचे प्रमाण अधिक होते आणि तळाच्या यादीतही अधिक होते. लहान शाळा अधिक चांगल्या किंवा अधिक वाईट होत्या असे नव्हे. त्यांच्या सरासरीत योगायोगाचा वाटा मोठा होता. आपल्याकडे 'आदर्श शाळा' आणि 'अप्रगत शाळा' यांच्या याद्या लावताना हा विचार क्वचितच होतो. अनेक वेळा दोन्ही याद्यांतील शाळा दोन वर्षांच्या अंतराने एकच असते.

मुलांच्या सुरुवातीच्या पातळीपासून झालेली वाढ मोजण्याची 'मूल्यवर्धन' पद्धत हा यावरील एक उपाय म्हणून पुढे आला. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९९२ पासून ती स्वीकारली. गरीब वस्तीतील शाळेची तुलना सुखवस्तू शाळेशी थेट होत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये दिलेल्या निवेदनानुसार विद्यार्थ्यांच्या गुणांतील एकूण फरकापैकी शिक्षकाकडे जाणारा भाग बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के इतकाच आढळतो. दोन शिक्षक मिळून पाच इयत्ता शिकविणाऱ्या शाळेत हा भाग कोणत्या शिक्षकाच्या नावे टाकावयाचा?

अमेरिकेतील एक तुलना

सेवेत असलेल्या शिक्षकांची अर्हता नव्याने तपासण्याचा प्रसंग अमेरिकेवरही आला होता. ८ जानेवारी २००२ रोजी संमत झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने मुख्य विषयांच्या प्रत्येक शिक्षकाने २००५-०६ अखेर 'अत्यंत अर्हताप्राप्त' असावे, असे बंधन घातले. पदवी, राज्याचा पूर्ण परवाना आणि विषयज्ञानाचा पुरावा या तीन अटी होत्या. नव्या शिक्षकांपैकी प्राथमिक स्तरावरील शिक्षकांना परीक्षा अनिवार्य होती. जुन्या शिक्षकांना मात्र अनुभव, प्रशिक्षण व कार्य यांच्या आधारे राज्याने ठरविलेल्या मूल्यांकनातून अर्हता सिद्ध करता येत असे. परीक्षा नव्यांना आणि कामाचे मूल्यांकन जुन्यांना, हा विवेक त्या कायद्याने राखला होता.

अंमलबजावणीत त्याचे हसे झाले, हेही नमूद करावयास हवे. राज्यांनी मूल्यांकनाचे निकष इतके सैल ठेवले की काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक वर्ग 'अत्यंत अर्हताप्राप्त' शिक्षकांच्या हाती असल्याचे अहवाल आले. जवळजवळ सर्वांनाच लागू पडणारे विशेषण कोणाविषयी काहीच सांगत नाही. डिसेंबर २०१५ मधील नव्या कायद्याने ही संकल्पनाच वगळली.

भारतीय व्यवस्थेत याच्या उलट टोक गाठले गेले आहे. येथे कामाच्या मूल्यांकनाचा मार्ग उपलब्धच नाही. आहे ती फक्त परीक्षा. पाच वर्षांच्या मर्यादेकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. चार वर्षे अकरा महिने सेवा उरलेला शिक्षक परीक्षेविना शिकवू शकतो. पाच वर्षे एक महिना उरलेला शिकवू शकत नाही. यामागे न्यायालयाची सहानुभूती आहे आणि ती समजण्याजोगी आहे. पण मुलांच्या हिताशी या रेषेचा काही संबंध जोडता येत नाही.

केंद्र पातळीवर शक्य असलेले काम

जिल्हा परिषद व्यवस्थेत दहा-बारा शाळांचे केंद्र हे एक उपयुक्त एकक आहे. एका शाळेची चार मुले संख्याशास्त्राच्या दृष्टीने अपुरी असली तरी केंद्रातील तिसरीची सर्व मुले आणि सलग तीन वर्षांची नोंद एकत्र केल्यास चढउतार बराच निवळतो. जून आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाचे एकेकट्याने वाचन ऐकावयाचे, ते शेजारच्या शाळेतील शिक्षकाने ऐकावयाचे आणि स्थलांतरित मुलांची नोंद वेगळी ठेवावयाची; यास नवी यंत्रणा लागत नाही. शिक्षण परिषदा दरमहा होतातच. अट एवढीच की या नोंदीवरून कोणाचीही वेतनवाढ रोखली जाऊ नये किंवा कोणत्याही शाळेस फलक लागू नये. अन्यथा मध्य प्रदेशातील नोंदींसारखीच तिची गत होईल.

अशी तीन वर्षांची नोंद हाती असती, तर सेवेतील शिक्षकाविषयी काही साधार बोलता आले असते. आज ती नाही. ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंतच्या मुदतीत पन्नाशीकडे झुकलेले शिक्षक शाळा सुटल्यावर बालमानसशास्त्राच्या मार्गदर्शक पुस्तिका उघडून बसणार आहेत. तिसरीतील जे मूल अजून जोडाक्षरापाशी अडखळते, ते नेमके कुठे अडते हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दीडशे प्रश्नांच्या उत्तरपत्रिकेत ते लिहिण्यास जागा नाही.