माणसाचे चित्र आणि मुलाची बुद्धी

तीन-चार वर्षांच्या मुलाला कागद-पेन्सिल देऊन ‘माणूस काढ’ म्हटले, की बहुतेक वेळा एक मोठा गोल, त्यात दोन डोळे आणि गोलातूनच थेट खाली उतरलेले दोन पाय उमटतात. ना पोट, ना मान. मोठी माणसे हसतात. पण या वयात जगभरातली मुले साधारण असाच माणूस काढतात. पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत धड येते, मग हात योग्य जागी जातात, नंतर मान, बोटे आणि कपडे येतात. वाढीच्या या क्रमावरूनच मुलांची बुद्धी मोजण्याची एक चाचणी जन्माला आली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये ती मांडली. मुलाने माणूस काढायचा आणि तपासणाऱ्याने ५१ मुद्द्यांवर गुण द्यायचे. डोके आहे का, धड रुंदीपेक्षा लांब आहे का, हाताला पाच बोटे आहेत का, असे हे मुद्दे. चित्र सुंदर असण्याला गुण नाहीत. मुलाला शरीराचे किती भान आहे हे पाहायचे. चार गुणांचे एक वर्ष धरायचे, त्यात पायाची तीन वर्षे मिळवायची, की झाले ‘मानसिक वय’. १९६३ मध्ये डेल हॅरिस यांनी या चाचणीची सुधारित आवृत्ती काढली. भारतीय मुलांसाठी तिचे रूपांतर बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातील प्रमिला फाटक यांनी केले. भाषेची अडचण नाही, खर्च नाही, काम काही मिनिटांत होते. त्यामुळे ती झपाट्याने पसरली.

अडचण सुरू होते ती उत्तर आकड्यात मिळते म्हणून. आठ वर्षांच्या मुलाला १४ गुण मिळाले, तर मानसिक वय साडेसहा आणि बुद्ध्यंक ८१ येतो. त्याच मुलाने पाच बोटे आणि मान आठवणीने काढली, तर गुण १६ होतात आणि बुद्ध्यंक ८७ च्या पुढे जातो. दोन रेषांनी मूल हुशार झाले का?

हा संबंध किती पक्का आहे, हे ब्रिटनमधील ७,७५२ जुळ्या जोड्यांच्या अभ्यासातून तपासले गेले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या वयात काढलेले चित्र आणि त्याच वयातील बुद्धी यांचा सहसंबंध ०.३३ निघाला, चित्र आणि चौदाव्या वर्षीची बुद्धी यांचा ०.२०. पूर्ण जुळले असते तर हा आकडा १ आला असता. ०.३३ चा अर्थ असा, की मुलामुलांच्या बुद्धीत जो फरक असतो, त्याचा जेमतेम नववा हिस्सा चित्रावरून कळतो. हजारो मुलांच्या अभ्यासात हा धागा महत्त्वाचा आहे. समोर बसलेल्या एका मुलाचे भविष्य सांगायला तो फार कच्चा आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनाही २०१३ मध्ये हेच दिसले. चित्राने काही चांगल्या मुलांना मागे ठरवले आणि ज्यांना मदतीची गरज होती त्यांतील काहींना ठीक ठरवले. ही दुसरी चूक अधिक महाग पडते, कारण तिच्यात उपचाराची वर्षे वाया जातात.

सरावाचा मुद्दाही मोठा आहे. अमेरिकेतील होपी आदिवासी मुलांची चाचणी वेन डेनिस यांनी घेतली. तिचे निष्कर्ष १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलींपेक्षा मुलगे बरेच पुढे होते. त्या समाजात चित्रकला हे पुरुषांचे काम, त्यामुळे मुलग्यांचा हात बसलेला. खुद्द गुडइनफ यांनीही १९५० मध्ये हॅरिस यांच्यासोबत लिहिले, की संस्कृतीचा परिणाम होणार नाही अशा चाचणीचा शोध हा भ्रम आहे. आपल्याकडे आई-वडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर फिरणारे मूल आणि दोन वर्षांचे असल्यापासून रंगपेट्या वापरणारे मूल एकाच पट्टीने मोजले, तर बुद्धीऐवजी पेन्सिलीची ओळखच मोजली जाईल.

शिवाय चित्र बिघडण्याची कारणे अनेक असतात. नजर कमजोर असणे, ऐकू कमी येणे, बोटांची पकड अशक्त असणे, अनोळखी खोलीची भीती किंवा नुसता कंटाळा. यातले प्रत्येक कारण आधी तपासावे लागते.

म्हणून या चित्राचा उपयोग पहिल्या चाळणीपुरता. सहा वर्षांचे मूल अजून गोलाला पाय जोडत असेल आणि सोबत बोलणे उशिरा आले असेल, हाताने नीट जेवता येत नसेल, बरोबरीच्या मुलांत खेळता येत नसेल, तर वाट पाहू नये. डोळे आणि कान तपासावेत, डॉक्टरांनी सांगितल्यास थायरॉइडची तपासणी करावी आणि मग प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून पूर्ण चाचणी करून घ्यावी. त्यासाठी कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतलेली बिने चाचणी आहे, नागपुरात डॉ. मालिन यांनी वेश्लर चाचणीवरून तयार केलेली चाचणी आहे. बौद्धिक अक्षमतेचे निदान मात्र ७० पेक्षा कमी बुद्ध्यंक आला म्हणूनही होत नाही. रोजच्या जगण्यात मूल स्वतःचे किती करू शकते, हेही पाहावेच लागते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी मोफत होते.

पालकांनी चाचणीआधी मुलाला माणूस ‘शिकवून’ नेऊ नये. त्याने गुण वाढतात आणि खरी अडचण झाकली जाते. घरातली चित्रे तारीख घालून जपून ठेवावीत आणि ‘हे कोण आहे, काय करतंय?’ असे मुलाला विचारावे. वर्षभरातल्या दहा चित्रांत होत गेलेला बदल आणि त्यावर मूल जे बोलते ते, एका चित्राच्या गुणांपेक्षा डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.