तपासण्या मोजक्या, पण वेळेवर

आरोग्य तपासणीबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. काही दुखत-खुपत नसताना डॉक्टरकडे जाणे म्हणजे विकतचे दुखणे, असे एक टोक. वर्षातून एकदा लॅबचे साठ-सत्तर तपासण्यांचे पॅकेज घेतले की वर्षभराची काळजी मिटली, हे दुसरे. दोन्हीकडे तीन प्रश्न विचारायचे राहून जातात: कोणती तपासणी, कोणत्या वयात, आणि रिपोर्ट हाती आल्यावर पुढे काय? तपासणीचे मोल या तीन उत्तरांवर ठरते; यादी किती लांब आहे यावर नाही.

गैरसमज: त्रास नाही, म्हणजे आजार नाही.

वस्तुस्थिती: उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही आजार बहुधा वर्षानुवर्षे गुपचूप वाढतात. डोके दुखेल, चक्कर येईल, मग दाब मोजू, अशी वाट पाहणाऱ्याच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचे पडदे तोवर झिजत राहतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांचा रक्तदाब जास्त आहे. यावर ‘माहीत नसलेलेच बरे’ असे म्हणणारे भेटतात. पण कळल्याने रोग जडत नाही; तो आधीच जडलेला असतो. कळल्याने फक्त मीठ, वजन, व्यायाम आणि औषध यांना आपले काम करायला वेळ मिळतो.

गैरसमज: जितक्या जास्त तपासण्या, तितके जास्त संरक्षण.

वस्तुस्थिती: रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकीही ५ टक्के तिच्याबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ‘अॅबनॉर्मल’ येण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग पुन्हा रक्त, मग स्कॅन, मग एखादी बायोप्सी. दक्षिण कोरियात सरसकट कर्करोग-तपासणीच्या लाटेत थायरॉइडची सोनोग्राफीही केली जाऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले, मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर काही बिघडवले नसते, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांवरील चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा सरसकट आरोग्य तपासणीने एकूण मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. मग तपासणीचा आग्रह कशासाठी? या चाचण्या प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या होत्या. तिथे तपासणीसाठी न बोलावलेल्या माणसाचाही रक्तदाब त्याचा नेहमीचा डॉक्टर येता-जाता मोजत असतो, त्यामुळे दोन गटांत फारसा फरक उरत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासल्या गेलेल्या जेमतेम २ टक्के निघाल्या. म्हणजे तो आढावा पॅकेजच्या विरोधात बोलतो, नेमक्या तपासणीच्या नाही.

नेमकी तपासणी काय करू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली, तर चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा झाली आणि दोष सापडलेल्या स्त्रियांवर उपचारही झाले, तिथे आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाचा बोळा लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा तिथे ठळक फायदा दिसला नाही. हीच स्वस्त तपासणी मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मात्र मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. कोणती तपासणी आणि किती वेळा, या प्रश्नांनी किती फरक पडतो तो असा.

गैरसमज: रिपोर्ट नॉर्मल आला, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती: स्वस्थ झोपून काढलेला ईसीजी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असतानाही नॉर्मल येऊ शकतो. रिपोर्ट त्या दिवसापुरता असतो. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाला तो पुढच्या वर्षाची हमी देत नाही. न भरणारी जखम, स्तनातली गाठ किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव दिसला, तर मागचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी डॉक्टरांना लगेच दाखवावे. उलट, एकदा दाब जास्त आला म्हणून घाबरूनही जाऊ नये. १४०/९० किंवा त्याहून वरचा आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आला, तरच सहसा निदान पक्के करतात.

गैरसमज: हे सगळे पैसेवाल्यांचे काम.

वस्तुस्थिती: तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग तपासण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात आणि तपासणी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. मुंबईच्या अभ्यासातही तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. तेव्हा पैसा ही खरी अडचण नाही. दोष सापडल्यावर मोठ्या रुग्णालयात जाणे, औषध चालू ठेवणे, ठरलेल्या तारखेला पुन्हा येणे हे जिथे सुटते, तिथे मोफत तपासणीही वाया जाते आणि महागडे पॅकेजही.